आरसा काढला म्हणून वजन उतरत नाही

गेल्या महिन्यात चिपळूणहून मामेभावाचा फोन आला. "ताई, माझा कॅमेरा विकून टाकू का? उद्या भंगारवालासुद्धा घेणार नाही म्हणे." म्हणतंय कोण, तर व्हॉट्सअ‍ॅप. त्याने तो मजकूर मला पाठवला. दोन दिवसांत तोच मजकूर आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर आला, मग सोसायटीच्या ग्रुपवर, आणि शेवटी ज्या काकांनी जन्मात कधी शटर दाबलेलं नाही त्यांच्याकडूनही आला.

"डीएसएलआरवाल्यांनो, जागे व्हा!" अशी सुरुवात. (डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा. मिररलेस म्हणजे तोच, पण आरसा काढून टाकलेला. सेन्सर म्हणजे आतली प्रकाश टिपणारी पट्टी, आणि फुल फ्रेम म्हणजे ती मोठ्या मापाची. बॉडी म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा.) पुढचं थोडक्यात असं: मिररलेस घ्या, ओझं निम्मं होईल. आरसा गेला की फोटो दुप्पट स्वच्छ येतो. घ्यायचाच तर फुल फ्रेम घ्या, लहान सेन्सर म्हणजे पैसे पाण्यात. जुन्या लेन्स अडॅप्टर लावून जशाच्या तशा चालतात, तेव्हा खर्च फक्त बॉडीचा. आरसाच नाही म्हटल्यावर आत धूळ नाही की बुरशी नाही. डीएसएलआर मेलाय, आजच विका. आणि यातलं काही परवडत नसेल तर मोबाइल आहेच, फरक कोणाला कळत नाही.

प्रत्येक वाक्यात चिमूटभर खरं आहे, आणि गोम तिथेच आहे.

भावाकडे कॅननचा १५००डी आहे, २०१८ साली आलेला. आपल्याकडे बऱ्याच घरांत तो दोन लेन्सच्या जोडीतच आला: एक १८-५५, एक ५५-२५०. हे आकडे लेन्सच्या पल्ल्याचे, मिलिमीटरमध्ये; आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. भाऊ तीनच गोष्टींचे फोटो काढतो. सहा वर्षांची मुलगी, किल्ले, आणि घरामागच्या वडाला फळं लागली की येणारे धनेश. हे तिन्ही लक्षात ठेवा, पुढे लागतील.

"ओझं निम्मं होईल"

कशाचं निम्मं? कंपन्यांनीच दिलेले आकडे घेऊ, बॅटरी आणि कार्डासकट. १५००डी ४७५ ग्रॅम, त्यावरची १८-५५ लेन्स २०० ग्रॅम, बेरीज ६७५. आता सोनीचा ए७सी बघा. २०२० साली आला तेव्हा फुल फ्रेम असूनही केवढासा, म्हणून त्याचं कौतुक झालं होतं. तो ५०९ ग्रॅम, सोबतची २८-६० लेन्स १६७ ग्रॅम. बेरीज ६७६. निम्मं राहिलं बाजूला, एक ग्रॅम वाढलं.

निकॉनवाल्यांचं बघा. डी३५०० हा ४१५ ग्रॅम, किट लेन्स (कॅमेऱ्यासोबतच मिळते ती) २०५, एकूण ६२०. मिररलेस झेड५० हा ४५० ग्रॅम, त्याची १६-५० लेन्स १३५, एकूण ५८५. वाचले पस्तीस ग्रॅम. एका लिंबाचं वजन. त्यातही मजा अशी की इथे आरसा नसलेली बॉडीच आरसेवाल्या बॉडीपेक्षा पस्तीस ग्रॅमनी जड आहे. जे काही वाचलं ते सगळं लेन्समध्ये वाचलं.

ही एक गोष्ट त्या मजकूर लिहिणाऱ्याच्या ध्यानात आली असती तर बाकीचा मजकूर त्याने लिहिलाच नसता. आरसा होता कशासाठी? लेन्समधून येणारा प्रकाश वर वळवून आपल्या डोळ्यापर्यंत न्यायला. फोटो काढताना तो उचलला जातो, आणि त्याला उचलायला जागा लागते. म्हणून कॅननच्या डीएसएलआरमध्ये लेन्सची बैठक सेन्सरपासून ४४ मिलिमीटरवर आहे, निकॉनच्या ४६.५वर. आरसा काढला की हेच अंतर कॅननच्या नव्या माउंटवर, म्हणजे लेन्सच्या बैठकीवर, २० आणि निकॉनच्या १६ मिलिमीटरवर येतं. म्हणजे बॉडी पातळ होते. पातळ, हलकी नव्हे. आत बॅटरी तेवढीच लागते, स्क्रीन तेवढाच, वर इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर आला, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीत आणखी एक छोटा स्क्रीन.

लेन्सचं गणित तर आरशाला विचारतच नाही. एफचा आकडा म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं ते; आकडा लहान तितकं तोंड मोठं. २५० मिलिमीटरची लेन्स एफ ५.६ला वापरायची तर प्रकाश आत यायची वाट २५० भागिले ५.६, म्हणजे साधारण ४५ मिलिमीटर रुंद हवी. मागे आरसा असो, नसो, ४५चे ४० होणार नाहीत. म्हणून लांब पल्ल्याच्या झूममध्ये फरक नावालाच दिसतो. निकॉनची डीएसएलआरची ७०-३०० ही ४१५ ग्रॅम आहे, मिररलेसची ५०-२५० आहे ४०५ ग्रॅम. पल्लासुद्धा पन्नास मिलिमीटरने कमी.

मग वजन उतरतंच नाही का? उतरतं, पण सेन्सर लहान केला किंवा हाव कमी केली तर. सोनीचा ए६४०० आणि त्याची १६-५० मिळून ५१९ ग्रॅम होतात. ऑलिंपसचा ई-एम१० मार्क ४ आणि बंद केल्यावर जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर उरणारी १४-४२ लेन्स मिळून ४७६. म्हणजे लेन्ससकट हा कॅमेरा लेन्स नसलेल्या १५००डीएवढा. सोनीचा आरएक्स१०० मार्क ३ सगळा मिळून २९० ग्रॅम, रिकोचा जीआर ३ फक्त २५७. हा शेवटचा पँटच्या खिशात राहतो आणि बसताना काढून ठेवावा लागत नाही, हे मी पाहिलेलं आहे. यातला जीआर सोडला तर सगळ्यांची लेन्स झूम आहे आणि जीआरची एकाच मापाला घट्ट. तो झूम करतच नाही. पाय आहेत, चाला.

"आरसा गेला की फोटो दुप्पट स्वच्छ"

फोटो काढायच्या क्षणी डीएसएलआरचाही आरसा वरच गेलेला असतो. सेन्सरला जो प्रकाश मिळतो त्याच्या वाटेत तेव्हा आरसा नसतो. १५००डी २४ मेगापिक्सेलचा, कॅननचा मिररलेस आर५० हाही २४चा, सेन्सरचा आकार तोच. उजेडात दोघांनी काढलेले फोटो शेजारी ठेवले तर ओळखणाऱ्याला मी वडापाव द्यायला तयार आहे.

उलट किट लेन्सवर नव्या कॅमेऱ्याला थोडा तोटाच होतो. लेन्स लहान करण्यासाठी कंपन्यांनी तिचं तोंड आवळलं. जुनी १८-५५ ही एफ ३.५ला सुरू होऊन ५.६ला संपायची. आर५०सोबतची १८-४५ सुरूच ४.५ला होते आणि ६.३ला संपते. एफ ४.५ला आत येणारा प्रकाश एफ ३.५च्या साधारण साठ टक्के. दिवेलागणीला घरात फोटो काढायचा तर जुना कॅमेरा याबाबतीत पुढे आहे.

पण इथे मजकुराने जे लिहायला हवं होतं तेच लिहिलेलं नाही. मिररलेसचा खरा फायदा फोकसमध्ये आहे. १५००डीच्या व्ह्यूफाइंडरमध्ये फोकसचे ९ बिंदू आहेत, तेही मधोमध गोळा झालेले. ए६४००मध्ये असे ४२५ बिंदू आहेत आणि ते फ्रेमचा सुमारे ८४ टक्के भाग व्यापतात. कॅमेरा डोळा ओळखतो आणि धरून ठेवतो. अंगणात पळणाऱ्या पोरीचे वीस फोटो काढले तर जुन्या कॅमेऱ्यात नाक, कान, मागची तुळस असं काहीही स्पष्ट येतं. नव्यात डोळे येतात. हा फरक ढळढळीत आहे आणि कोणी फक्त यासाठी कॅमेरा बदलला तर मी त्याला अडवणार नाही.

दुसरी गोष्ट व्ह्यूफाइंडरची. "डीएसएलआरच्या खिडकीतून बघण्यात जी मजा आहे ती स्क्रीनमध्ये नाही" असं जुने लोक म्हणतात, आणि महागड्या डीएसएलआरपुरतं ते खरंही आहे. स्वस्त डीएसएलआरमध्ये ती खिडकी म्हणजे बोगद्याच्या टोकाला दिसणारा उजेड. १५००डीमध्ये चित्र दिसतं ते मोठेपणात ए६४००च्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरपेक्षा लहान. फुल फ्रेमच्या मापात ०.५ विरुद्ध ०.७. शिवाय नव्यात फोटो काळा येणार की पांढरा पडणार हे शटर दाबायच्या आधीच कळतं.

"फुल फ्रेमच घ्या, लहान सेन्सर म्हणजे पैसे पाण्यात"

या वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून इथे थोडं थांबते.

फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर. १५००डीचा २२.३ बाय १४.९. ऑलिंपस-पॅनासॉनिकचा मायक्रो फोर थर्ड्स १७.३ बाय १३. आरएक्स१००चा तथाकथित एक इंच सेन्सर १३.२ बाय ८.८, त्यात कुठेही एक इंच सापडत नाही, जुन्या काळच्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या मापावरून ते नाव चिकटलंय. क्षेत्रफळ काढलं तर चौरस मिलिमीटरमध्ये अनुक्रमे ८६४, ३३२, २२५ आणि ११६.

आता ज्याच्याकडे १५००डी आहे त्याने तुलना कुठून करायची? ३३२पासून. मजकूर ८६४पासून करतो आणि मग सगळंच खुजं दिसतं. ३३२वरून २२५वर आलं की प्रकाशाचा तोटा अर्ध्या स्टॉपच्या किंचित वर होतो. (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याची एक पायरी.) आयएसओ, म्हणजे जो वाढवला की फोटोत दाणे वाढतात तो आकडा, साधारण ११००ऐवजी १६०० वापरल्यासारखा फरक. ई-एम१०च्या बॉडीतच सेन्सर स्थिर ठेवणारी यंत्रणा आहे, त्यामुळे देवळाच्या गाभाऱ्याबाहेरून, लेण्यात, न हलणाऱ्या गोष्टीचा फोटो काढताना शटर कितीतरी जास्त वेळ उघडं ठेवता येतं. अर्धा स्टॉप तिथेच वसूल होतो आणि वर उरतो. हलणाऱ्या पोरीला मात्र याचा उपयोग शून्य. हात स्थिर झाला म्हणून पोर स्थिर होत नाही. आणि मी स्वतः ई-एम१० वापरते म्हणून सांगते, पळत्या माणसावर फोकस धरून ठेवण्यात तो सोनीच्या जवळपासही येत नाही.

एक इंचाचं गणित याहून मजेशीर आहे. सेन्सर १५००डीपेक्षा दीड स्टॉपने मागे. पण आरएक्स१०० मार्क ३ची लेन्स एफ १.८ला सुरू होते आणि २.८ला संपते. किट लेन्सच्या ३.५ आणि ५.६शी तुलना केली तर दोन्ही टोकांना जवळपास दोन स्टॉप पुढे. दीड गेले, दोन आले. म्हणजे किट लेन्स लावलेला १५००डी आणि खिशातला आरएक्स१०० घरातल्या ट्यूबलाइटखाली बरोबरीत सुटतात, झालाच तर लहानग्याला थोडा फायदा. १५००डीवर ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स चढवली की डाव उलटतो. पण किट लेन्स कधीच न उतरवणाऱ्या माणसासाठी "सेन्सर लहान म्हणून फोटो वाईट" हे वाक्य चक्क चुकीचं ठरतं.

लहान सेन्सरचा एक गुण तर कोणी सांगतच नाही. कासच्या पठारावर सप्टेंबरात गवती दवबिंदूचा फोटो काढायला पोटावर झोपलात, की ते इवलंसं कीटकभक्षी झाड टोकापासून बुडापर्यंत स्पष्ट यावं असं वाटतं. मोठा सेन्सर आणि उघडी लेन्स असेल तर एक थेंब स्पष्ट येतो, बाकी लोणी. तिथे लहान सेन्सर कामाचा. बोके, म्हणजे मागचं सगळं धूसर करणं, हीच फोटोग्राफी असं ज्यांना वाटतं त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.

आणि फुल फ्रेमचं ओझं? कॅननचा आरपी लहानच आहे, ४८५ ग्रॅम. त्यावर २४-१०५ एफ ४ ही चांगली लेन्स चढवली की आणखी ७००. एकूण ११८५. भावाची अख्खी पिशवी, बॉडी आणि दोन्ही लेन्स धरून, १०६५ भरते. म्हणजे लहान कॅमेरा घ्यायला निघालेला माणूस मजकुराचं ऐकून एकाच लेन्ससाठी आधीपेक्षा जास्त वजन गळ्यात घालून राजगड चढणार.

"जुन्या लेन्स जशाच्या तशा चालतात"

चालतात. कॅननच्या बाबतीत तर उत्तम चालतात, फोकससुद्धा कधीकधी आधीपेक्षा नेमका होतो. मोजूया फक्त. आर५० ३७५ ग्रॅम, अडॅप्टर ११०, जुनी १८-५५ दोनशे. ६८५. जुना कॅमेरा ६७५ होता. आरशाची जागा वाचवली होती ना, तीच २४ मिलिमीटरची पोकळी आता अडॅप्टर नावाच्या रिकाम्या नळीच्या रूपाने परत आली, आणि तिचे पैसे वेगळे. निकॉनमध्ये झेड५०, १२५ ग्रॅमचा एफटीझेड २ अडॅप्टर आणि जुनी किट लेन्स मिळून ७८० ग्रॅम होतात, डी३५००च्या ६२०समोर.

लांब पल्ल्याच्या एखाद्या लेन्ससाठी अडॅप्टर ठेवावा, ते शहाणपणाचं आहे. पण जुन्याच लेन्स रोज वापरायच्या आणि कॅमेरा लहानही व्हायला हवा, हे म्हणजे घर लहान घेऊन जुनं शिसवी कपाट दारात अडकवून ठेवण्यासारखं.

"धूळ नाही, बुरशी नाही"

हे वाचून मी चहा सांडला. डीएसएलआरची लेन्स काढली की सेन्सरपुढे आरसा आणि बंद शटर असे दोन पडदे असतात. बहुतेक मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर उघडा, वाऱ्याकडे तोंड करून. पठारावर, समुद्रावर, एसटीच्या खिडकीत लेन्स बदलणाऱ्यांनी तर मिररलेसला जास्त जपायला हवं: कॅमेरा बंद, तोंड जमिनीकडे, आणि पटकन.

बुरशीचा आरशाशी काही संबंध नाही. ती लेन्सच्या काचांमध्ये वाढते, आणि तिला लागतात दमट हवा, अंधार, आणि कोणी हात न लावणं. कोकणात जून ते सप्टेंबर या तिन्ही गोष्टी फुकट मिळतात. त्यात आपण कॅमेरा त्याच्याच काळ्या बॅगेत घालून, बॅग लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप. म्हणजे बुरशीला बाळंतपणाची खोलीच करून दिली. त्यापेक्षा घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल, साधा आर्द्रतामापक, आणि काटा चाळीस-पन्नास टक्क्यांच्या मध्ये. निळं जेल गुलाबी झालं की तव्यावर परतून पुन्हा निळं करायचं, आणि तो तवा पोळ्यांचा नको. बस्स. हा डबा आरसेवाल्यालाही लागतो आणि बिनआरशाच्यालाही.

"डीएसएलआर मेलाय, आजच विका"

कंपन्यांपुरतं बोलायचं तर मजकूर फार चुकत नाही. कॅननने २०२०नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही, निकॉनने डी३५०० बनवणं थांबवलं, एकटी पेंटॅक्स नव्या बॉडी काढत राहिली. पण दुकानात नवं मॉडेल येत नाही याचा अर्थ घरातला बंद पडतो असा कसा? तुमच्या १५००डीला हे कोणी कळवलेलं नाही. उलट सगळे मजकूर वाचून विकायला निघालेत म्हणून त्याच्या लेन्स सेकंडहँडमध्ये स्वस्त झाल्यात. विकणाऱ्याने रडावं, घेणाऱ्याने हसावं अशी वेळ आहे.

आणि "मेलेलं घेऊ नका" हा नियम लावायचा तर मिररलेसही सुटत नाहीत. कॅननचा ईएफ-एम हा मिररलेस माउंट २०१२मध्ये जन्मला आणि २०२३पर्यंत संपवला गेला. एम५० हा कॅमेरा त्यातलाच. त्याच्या लेन्स कॅननच्याच नव्या आर मालिकेवर बसत नाहीत. ऑलिंपसने कॅमेऱ्यांचा धंदा २०२१च्या जानेवारीत सोडला, आता तेच कॅमेरे ओएम सिस्टिम नावाने येतात. दहा लेन्स जमवायच्या असतील तर ही काळजी करावी. एक लेन्स लावून ती कधीच न काढणाऱ्याला माउंटच्या भवितव्याशी काय देणंघेणं?

"मोबाइल आहेच"

आहे, आणि दिवसाउजेडी रुंद फोटोसाठी पुरेसा आहे. व्हॉट्सअ‍ॅप तो फोटो आकसवून पाठवतं, तिथे कोणालाच फरक कळत नाही, हेही खरं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पंधराव्या रांगेतून स्वतःच्या पोरीचा चेहरा काढून बघा, किंवा वडाच्या शेंड्यावरचा धनेश. मग बोलू.

मजकुरात एक गोष्ट मुळीच आलेली नाही, ती बॅटरी. जपानमधल्या कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या मोजमापाने डी३५०० एका चार्जवर १५५० फोटो काढतो, १५००डी ५००. ए६४०० स्क्रीन वापरून ४१०, व्ह्यूफाइंडर वापरून ३६०. एम५० तर २३५. हे मोजमाप कडक आहे, प्रत्यक्षात जास्त निघतात, पण आपसातलं प्रमाण तेच राहतं. ए६४०० पॉवर बँकवर चार्ज होतो, एम५० होत नाही. दोन दिवसांच्या ट्रेकला दुसरी बॅटरी न्यावी लागली की वाचलेल्या वजनातलं थोडं तिकडे गेलं.

आता भावाचं. मी त्याला कुठलंच मॉडेल सांगितलं नाही. म्हटलं, कॉम्प्युटरवर तुझे सगळे जुने फोटो उघड आणि प्रत्येकाची फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सचा तो मिलिमीटरचा आकडा, बघ. फोटोच्या माहितीत ती लिहिलेलीच असते. दोन रविवार त्याने तेच केलं. निकाल असा: धनेशाचे सगळे फोटो २५०वर, अगदी टोकाला. मुलीचे आणि किल्ल्यांचे बहुतेक सगळे १८ ते २४च्या मध्ये. मधलं जवळपास रिकामं. सहा-सात वर्षं तो जी झूम वळवत होता ती खरं तर दोनच लेन्स होत्या.

धनेश घरामागेच येतो, त्यासाठी वजनाचा प्रश्नच नाही. गच्चीवर खुर्ची टाकून १५००डी आणि ५५-२५० घेऊन बसायचं. हा संच विकायचा नाही, विकून हातात येणार तरी काय. पोरीसाठी आणि किल्ल्यांसाठी सेकंडहँड एम५० आणि २२ मिलिमीटरची एफ २ लेन्स. लेन्स १०५ ग्रॅम, कॅमेरा ३९०, मिळून ४९५. चेहरा आणि डोळे ओळखून फोकस करतो, आणि घरातल्या उजेडात किट लेन्सपेक्षा दीड-दोन स्टॉप पुढे. माउंट मेलेला आहे, म्हणूनच तर परवडतो. दोन बॅटऱ्या घे, एवढंच मी बजावलं. शिवाय शटर किती वेळा उडालंय ते विचार, सगळी बटणं दाबून बघ, आणि लेन्स उजेडाकडे धरून मागून मोबाइलचा टॉर्च मार, आत बुरशी असेल तर दिसते.

काल मुंबईला कामासाठी आला होता तेव्हा फोर्टात बोरा बाजारात गेला. दुपारी फोन.

"ताई, कॅमेरा झकास आहे. लेन्समध्ये टॉर्च मारला तर कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतायत. दुकानदार म्हणतो धूळ आहे, फुंकर मारली की जाईल."

"मारायला सांग फुंकर."

फोन चालूच होता. फू असा आवाज आला, मग जरा वेळ काही नाही.

"आहेत अजून."

"ठेव खाली. दुसरी दाखवा म्हण."